एल्वियोचं पान

३ ऑक्टोबर

पोचले एकदाची. पादोवाहून आगगाडी, मग बस, आणि बस जिथून वळून परत जाते तिथं एक टकला, हसरा माणूस हातगाडी घेऊन उभा. नाव गाल्दिनो. संग्रहालयाचा रखवालदार, तिकीटवाला आणि झाडूवाला तिन्ही आपणच, असं त्यानं सांगितलं. माझी पेटी उचलताना त्याचा चेहरा लाल झाला. म्हणाला, बाई, शिसं भरून आणलंत का काय? मी म्हटलं, हो, शिसंच आहे. पादोवाचा आमचा छापखाना बंद झाला तेव्हा मालक निरोपाला घड्याळ देणार होते. घड्याळ घेऊन काय करू, मी माझ्या हाताखालचे छपाईचे शिशाचे खिळे मागून घेतले. हे ऐकून गाल्दिनो पुलावर गाडी थांबवून हसत राहिला.

संग्रहालय म्हणजे झानोल्लींचा जुना छापखाना. खाली यंत्रं, वर माझ्या दोन खोल्या. स्वयंपाकघराची खिडकी थेट कालव्यावर उघडते. एक टेबल, दोन खुर्च्या, एक शेगडी. भिंतींमध्ये शाईचा आणि जवसाच्या तेलाचा वास असा मुरलाय की खोलीत शिरल्याबरोबर मला घरी आल्यासारखं झालं. लोरेदानाला फोन केला. माझी धाकटी बहीण, त्रिएस्तेला असते. म्हणाली, अगं, एक्कावन्नाव्या वर्षी कास्तेलवेर्नोसारख्या आडगावात जाऊन शिसं पुसत बसणार तू? इकडे ये, नातवाला सांभाळायला मला माणूस हवंय. मी म्हटलं, पोरं सांभाळणं मला कधी जमलं नाही, खिळे जमतात.

रात्री पोलेंता, मक्याच्या पिठाचं घट्ट शिजवलेलं, आणि चीज. भूक लागली होती, सगळं संपवलं.

८ ऑक्टोबर

काम आवडतंय. सकाळी शाळेची मुलं येतात. त्यांची नावं मी जुळवून देते, ती स्वतः दांडा ओढून छापतात, आणि अक्षरं उलटी असूनही कागदावर सुलटी कशी येतात याचा रोज नव्यानं अचंबा करतात. संचालक डॉक्टर ब्रेसान फक्त गुरुवारी येतात, गळ्यातला रुमाल सारखा करतात आणि सरकारी अनुदानाबद्दल बोलून जातात.

पण इथं एक काम अजून खरंखुरं चालतं, ते म्हणजे मयताची पत्रकं. गावात कुणी गेलं की काळ्या चौकटीचं पत्रक आम्ही छापायचं आणि गाल्दिनोनं खळ लावून ते चर्चपाशी, पुलावर, दारूच्या दुकानासमोर चिकटवायचं. परवा खाटकाचे वडील गेले. सगळ्या गावाला माहीत. तरी पत्रक लागेपर्यंत लोक त्याला विचारत होते, वडील कसे आहेत? आणि तोही मान हलवून सांगत होता, तसेच आहेत. पत्रक लागलं आणि अर्ध्या तासात त्याच्या दारात रांग. मला हसू आलं. गाल्दिनो मात्र हसला नाही. म्हणाला, बाई, आमच्याकडे भिंतीवर लागल्याशिवाय कुणी मरत नाही.

१६ ऑक्टोबर

आज गाल्दिनो त्याच्या आत्याला घेऊन आला. सिन्योरा एर्सीलिया. नव्वदीला टेकलेली, पाठीत वाकलेली, डोक्याला काळा रुमाल. खुर्चीवर बसली, हॉलभर नजर फिरवली आणि म्हणाली, त्याची जागा ती, खिडकीपाशी.

तिचा मुलगा एल्वियो इथं जुळारी होता, खिळे जुळवायचा. साठच्या दशकातल्या त्या महापुरात नदी कालव्यातून गावात शिरली. सगळे बाहेर पळाले. एल्वियो खिळ्यांच्या केसी, कप्प्यांच्या त्या लाकडी पेट्या, वर चढवायला परत आत गेला आणि कालव्याकडची भिंत गेली. तेविशीचा होता. देह सापडला नाही. तेव्हाचे मास्तर फेरुच्चो यांनी त्याचं पत्रक जुळवायला घेतलं, तर हिनं येऊन जुळवलेलं सगळं हातानं उधळून दिलं. पोराचा देह दाखवा, मग लावा पत्रक, असं सगळ्यांना सुनावलं. घरी गेली, आणि दुपारी टेबलावर त्याचं पान मांडलं.

आणि तो आला, म्हणाली. इतक्या सहज, की पोस्टमन आला असं म्हणावं. तेव्हापासून रोज दुपारी येतो, जेवतो, जातो. हिला गावाला जाता येत नाही, अंथरुणाला टेकता येत नाही, कारण मग त्याला वाढणार कोण? "मी त्याला मरू दिलं नाही, बाई. आता तो मला मरू देत नाही." पत्रक छापून द्या, एवढंच मागणं.

दुःखानं माणूस काय काय धरून बसतं, असं मनात आलं. मी विचारलं, मग आजवर कुणी छापून का दिलं नाही? गाल्दिनो टोपी हातात फिरवत होता. तो म्हणाला, गावातली माणसं भित्री असतात हो, आधीचा जुळारीही बेलुनोचा खेडवळच होता. तुमच्यासारख्या शहरातल्या बाईला काय त्याचं?

मी हो म्हटलं. म्हातारीनं माझा हात धरला. तिचे हात बर्फासारखे गार होते.

१९ ऑक्टोबर

पत्रक छापलं. जाड काळी चौकट, मधोमध नाव आणि वय, खाली आईचं नाव. वरती तारीख पुराच्या दिवसाची घालायला सांगितली तिनं. माझ्या शेजारी उभी राहून तिनं नावाचं एकेक अक्षर बोटानं चाचपलं. उलटी अक्षरं तिला वाचता येत होती. म्हणाली, त्यानंच शिकवलं होतं.

पहिला कागद निघाला तेव्हा तिनं त्याचं चुंबन घेतलं, ओठांना शाई लागली. मग मला विचारलं, तुम्हाला मुलं आहेत का? मी नाही म्हटलं. ती हळूच म्हणाली, मला माफ करा. मला मुलं नाहीत याचं तिला वाईट वाटलं असावं. मी म्हटलं, त्यात माफी कसली, मी सुखात आहे.

२० ऑक्टोबर

गाल्दिनोनं सकाळीच पत्रकं लावली. मी पुलावर बघायला गेले. लोक एकेक करत येत होते, वाचत होते, टोप्या काढून उभे राहत होते. बेकरीवाली झीता ओघळत्या डोळ्यांनी माझ्याजवळ आली आणि तिनं दोन्ही हातांनी माझा हात दाबला. मग खाटीक. मग शाळेच्या बाई. माझंच कुणी गेलंय अशा रीतीनं सगळे मला भेटत होते. मला ओशाळल्यासारखं झालं, पण आतून बरंही वाटलं. या गावानं आपल्याला आपलं मानलं, असं वाटलं.

२३ ऑक्टोबर

सिन्योरा एर्सीलियाला भेटून आले. टेबलावर एकच पान. शेवयांचं सूप चमच्या चमच्यानं, लहान मुलीसारखं चवीनं खात होती. म्हणाली, पत्रक लागलं त्या दुपारी तो आला होता, उंबऱ्याबाहेर थांबला. समोरच्या भिंतीवरचं पत्रक वाचलं. आपल्याच हातचं काम तपासावं तसं, शब्द न शब्द. मग माझ्याकडे न बघता खाली कालव्याच्या बाजूला निघून गेला. त्या रात्री मी सकाळपर्यंत झोपले, म्हणाली. किती वर्षांनी.

२६ ऑक्टोबर

सिन्योरा एर्सीलिया झोपेत गेली. तिचं पत्रक मीच जुळवलं. चेहऱ्यावर इतकी शांती होती की कुणाला रडू येईना. गाल्दिनो स्मशानात रडलाही आणि बाहेर आल्यावर सगळ्यांना वाइन पाजून मोठमोठ्यानं हसलाही. त्याची धाकटी मुलगी त्याच्या खांद्यावर बसून माझ्याकडे टकमक बघत होती.

२ नोव्हेंबर

पितरांचा दिवस. संग्रहालय बंद, सगळं गाव स्मशानात. दुपारच्या घंटा झाल्या, मी शेगडीवरून भांडं उतरवत होते, आणि जिन्यावर पावलं वाजली. जड, ओल्या बुटांची. गाल्दिनो असेल म्हणून मी न वळताच म्हटलं, ये, दार उघडंच आहे.

वळून बघितलं तर कुणी नव्हतं. पण दुसरी खुर्ची टेबलापासून मागे ओढलेली होती आणि तिच्याखाली पाण्याचं थारोळं. कालव्याचा वास.

छप्पर गळत असेल. पुसून घेतलं.

३ नोव्हेंबर

पाऊस नाही. आकाश निरभ्र. तरी खुर्चीखाली पाणी. तीच वेळ.

वाढलेलं अन्न गार पडलं होतं. ते एकदम, वाढल्याबरोबर. आणि चव गेलेली. ओला कागद चावावा तसं.

६ नोव्हेंबर

आज दिसला.

लिहू की नको असं होतंय, पण लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही. मी ताट घेऊन वळले आणि तो बसलेला होता. तरुण. पांढरा सदरा, बाह्या वर दुमडलेल्या, कमरेला आमच्या धंद्यातला काळा एप्रन. केसांतून पाणी निथळत होतं. नखांत शाई. इतक्या पाण्यातही ती शाई गेलेली नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. तो ताटाकडे बघत होता.

माझं ताट मी त्याच्यापुढं ठेवलं. का ठेवलं ते माहीत नाही. समोर भुकेला माणूस बसला की हात आपोआप पुढं होतो.

खाली मान घालून जेवला. अन्न कमी होत नव्हतं, तरी तो जेवत होता. चामड्याच्या कारखान्याचा दुपारचा भोंगा झाला, कामावर परतायची वेळ होते तसा उठला आणि जिन्यानं खाली गेला. पावलं हॉलमधून खिडकीपर्यंत गेली. तिथं थांबली.

मी संध्याकाळपर्यंत खाली उतरले नाही.

११ नोव्हेंबर

सान मार्तीनोचा सण. रस्त्यात भाजलेल्या चेस्टनटचा धूर, नवी वाइन. झीताकडे पाव घ्यायला गेले. तिनं न विचारता दोन पाव बांधले. मी म्हटलं, मला एकच लागतो. ती म्हणाली, असू दे, बाई, दुसऱ्याचे पैसे नकोत. खाली बघून म्हणाली.

मग खाटकानं दोन जणांचं मटण दिलं. पैसे एकाचे.

यांना माहीत आहे. सगळ्यांना.

१३ नोव्हेंबर

आज चूल पेटवली नाही. टेबल भिंतीला लावलं, खुर्ची आडवी पाडून ठेवली आणि पलंगावर बसून राहिले. घंटा झाल्या. पावलं आली. स्वयंपाकघरात थांबली. खुर्ची उचलून सरळ केल्याचा आवाज आला. मग शांतता. भोंगा वाजला तरी तो उठला नाही. बऱ्याच वेळानं जिना वाजला, पण पावलं हॉलकडे गेली नाहीत. रस्त्याचं दार उघडलं.

तासाभरात गाल्दिनो धावत आला. अंगावर कोट नाही, तोंड पांढरं. त्याच्या स्वयंपाकघरात ओली पावलं होती, टेबलाभोवती फिरलेली. त्याच्या मुलीनं सांगितलं, एक काका आला होता, काही खायला आहे का विचारत होता.

म्हणाला, बाई, पाया पडतो, काही झालं तरी स्वयंपाक करत जा.

मी त्याला बसवलं. मग तो बोलला. आत्या गेली असती तर एल्वियो त्याच्याकडेच आला असता, रक्ताचं दुसरं कुणी उरलं नव्हतं. पत्रक छापून त्याला मेला म्हणणारा कुणी निघाला तर तो त्याच्या दारी जाईल, हे फेरुच्चो मास्तरांनी मरताना सांगितलं होतं. त्यांनी नुसतं नाव जुळवलं तर तो तीन रात्री त्यांच्या टेबलाशी येऊन उभा राहिला होता. म्हणून गावातलं कुणी छापेना. म्हणून बाहेरचं माणूस हवं होतं. डॉक्टर ब्रेसानना काही माहीत नाही, माझ्या नोकरीची जाहिरात द्यायला त्यांना गाल्दिनोनंच सुचवलं.

मी विचारलं, त्या दिवशी माझी पेटी उचलताना हसत होतास, तेव्हाही तुला हे माहीत होतं?

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "माझ्या घरात लहान मुलं आहेत, बाई."

१५ नोव्हेंबर

स्वयंपाक केला. घेवड्याचं सूप. तो आला. जेवला. गेला.

हे असं वर्षानुवर्षं. ती कशी जगली असेल —

१८ नोव्हेंबर

चाललेय. त्रिएस्तेला. पेटी इथंच राहू दे. गाल्दिनोला काय भोगायचं ते भोगू दे, मुलीचं मात्र — नाही, विचार करायचा नाही. सकाळची बस.

१९ नोव्हेंबर, त्रिएस्ते

लोरेदानाकडे. समुद्र, वारा, उजेड. तिचा नातू याकोपो केवढा झालाय. त्याला मांडीवर घेतलं. रडला नाही. वाटलं, मूर्ख बाई, आधीच यायचं होतंस.

नंतर —

दुपारी लोरेदानानं टेबल मांडलं. ती, सून, मी. मांडता मांडता थांबली आणि हसून म्हणाली, अगं, मी चार पानं कशी मांडली?

तो माझ्या शेजारी बसला होता. त्या दोघींना दिसला नाही. सूप वाढताच गार झालं. लोरेदाना पुटपुटली, आज गॅसला काय झालंय.

याकोपोला दिसला. पाळण्यातून त्याच्याकडे बघून हसला. हात पुढं केला. आणि एल्वियोनं — जेवताना त्यानं कधी मान वर केली नव्हती — मान वर केली. बाळाकडे बघितलं. एक शाईचं बोट पुढं केलं.

मी ताट टाकून उठले. बाळाला उचललं. त्याच्या झबल्याची बाही मनगटापर्यंत ओली होती. हात बर्फासारखा.

लगेच निघते म्हटलं. लोरेदाना दारात उभी राहिली. म्हणाली, तुझं कायम असंच, नीवेस, कुणी जरा जीव लावला की तू पळतेस. काय सांगणार. जिथं मी, तिथं तो. इथं राहिले तर ते घर त्याचं होईल. तो पाळणा.

गाडीत समोरची जागा रिकामी होती. सीट ओली होती.

२४ नोव्हेंबर

परत कास्तेलवेर्नोत. गाल्दिनो म्हणतो एक उपाय आहे. पुन्हा पत्रक छापायचं. दांडा ओढणारा हात दुसऱ्याचा हवा. मग एल्वियो त्याच्या दारी जाईल. परवा एक मुलगी येतेय, तोरीनोची, जुन्या छपाईचा अभ्यास करणारी. एकटी राहते म्हणे. दोन दिवस आपल्या गावात, मग आपल्या वाटेनं.

त्याला हाकलून दिलं.

पत्रक जुळवून ठेवलंय मात्र. का कुणास ठाऊक. हातांनी जुळवलं.

२६ नोव्हेंबर

मुलगी आली. ओरियाना. पंचविशीची, बोलकी, बोटांना आधीच शाई. सगळ्याला हात लावत होती, सगळं विचारत होती. म्हणाली, मला एकदा स्वतः छापू द्या ना, तुम्ही जुळवलेलं हे काय आहे? जुनं पत्रक आहे, मी म्हटलं. माझा आवाज साधा होता. गाल्दिनो दारात उभा. त्यानं मान हलवली.

तिनं शाईचा रूळ फिरवला. नीट, हलक्या हातानं, शिकवलंय कुणीतरी चांगलं. कागद ठेवला. वाचलं, उलटंच. म्हणाली, बिचारा, तेविसावं वर्ष, माझा भाऊ एवढाच आहे. आणि हात दांड्यावर.

मला काय हवं होतं ते मला माहीत आहे. लपवून काय उपयोग. मला तिनं ओढायला हवं होतं.

मनगट धरलं तिचं. फार जोरात धरलं असणार, ती ओरडली. मी तिला म्हटलं, जा, आत्ताच्या बसनं जा, इथं काही खाऊ नको. वेडी समजली मला. रडत गेली. बरं झालं.

गाल्दिनो निघून गेला. मी नाव मोडलं. एकेक अक्षर केसीत परत टाकलं. वर आले तर घंटा झाल्या होत्या, आणि तो बसला होता. वाट बघत. मी उशीर केला होता.

चूल पेटवली.

३० नोव्हेंबर

आज घंटा व्हायच्या आधीच पान मांडलं.

मीठ कमी घातलं. त्याला कमी लागतं.

मला कुणी सांगितलं, कमी लागतं म्हणून?

२ डिसेंबर

लोरेदानाचा फोन. अबोला सोडला तिनं. बाळाला दात आला म्हणाली. कुणाचं बाळ, असं विचारणार होते. नाव आठवेना. ती काळजीनं म्हणाली, नाताळात तरी ये, नीवेस, तिथं तुझं आहे कोण?

मी म्हटलं, आहे की.

मग फोन ठेवला. मी असं का म्हटलं —

४ डिसेंबर

बाहेर गेले नाही. झीता दारात पाव ठेवून जाते. दूध. कुणी वर येत नाही. पुलावरून जाताना लोक खिडकीकडे बघून टोपी काढतात.

पत्रकं फाटलीत पावसानं. नाव फक्त उरलंय.

५ डिसेंबर

त्याच्या सदऱ्याचं बटण तुटलं होतं. मी —

लावलं.

६ डिसेंबर

भोंगा वाजून गेला. तो उठला नाही.

समोर बसलाय. मी लिहितेय ते बघतोय, त्या बाजूनं, उलटं, जुळारी वाचतात तसं. ओठ हलतायत. प्रत्येक अक्षर. चूक शोधतोय का —

केस कोरडे झालेत त्याचे. आज पहिल्यांदाच. गालावर रंग आलाय. माझ्या बाह्यांतून मात्र पाणी टपकतंय. कागदावर पडतंय. शाई पसरते, पुसू तरी कशी —

खिडकी उघडी आहे. कालवा. जिना मोकळा आहे. मला उठता येईल. आत्ता. उठायला हवं. लोरेदानाला —

बोलला.

मला वाटलं होतं आवाज पाण्यातून आल्यासारखा असेल. तसा नाही. साधा आहे. दमून घरी आलेल्या मुलाचा. म्हणाला, आई, पुरे आता ते, ये ना इकडे. पुन्हा म्हणाला. आई. हात पुढं केलाय. किती वर्षांनी कुणी —

मी म्हटलं, आले रे बाळा, एवढी ओळ पुरी करते आणि